डिसेंबरात झाड मान टाकतंय? आधी पाणी थांबवा, मग बाकीचं बघा

खालची पानं एकेक करून पिवळी पडतात आणि हात लागला की गळतात. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबाकिया, मनीप्लांट यांच्या पानांवर तेलकट, करडे डाग येतात आणि चार दिवसांत काळे पडतात. जास्वंदीच्या कळ्या न उमलताच खाली. क्रोटन बघता बघता निम्मा रिकामा. केळीचा पोंगा उलगडायचं नाव घेत नाही. आणि तुळस! तुळशीच्या लग्नापर्यंत हिरवीगार, मार्गशीर्ष लागला की नुसत्या काड्या.

माझं काम बागा सांभाळायचं. साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीच्या गच्च्यांपासून वर पाचगणीच्या बंगल्यांपर्यंत. दिवाळी सरली, आभाळ निरभ्र झालं की हीच तक्रार सुरू होते, आणि सगळे एकच निदान आधीच करून बसलेले असतात: थंडी लागली. थंडी लागते हे खरंच. पण साताऱ्या-सांगलीच्या थंडीत झाड पुरतं मेलं, असं मी बघतो तेव्हा बहुतेक वेळा कुंडीत चिखल असतो.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पटेल. यातली बहुतेक झाडं मूळची बारमाही उबदार, दमट प्रदेशातली. त्यांचं बिघडायला शून्य अंशाची वाट बघावी लागत नाही. तापमान 10-12 अंशांच्या खाली गेलं की सुरू होतं. पेशीच्या पडद्यात स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसा तो पडदा ताठरतो आणि आतलं पाणी-क्षार बाहेर झिरपायला लागतात. तेलकट डाग म्हणजे हेच. मुळांचंही तसंच: गार मातीत मुळं पाणी ओढेनाशी होतात. वर झाड सुकलेलं दिसतं, खाली माती ओली. आपण सुकलेलं बघून आणखी एक तांब्या ओततो. मुळं कुजतात, झाड आणखी सुकतं, आपण आणखी ओततो.

काही झाडांचं मात्र काहीच बिघडलेलं नसतं. चाफा आणि अडेनियम थंडीत पानं टाकतात, विश्रांती घेतात. कॅलेडियम तर वरून पूर्ण नाहीसा होतो, कंद मातीत झोपलेला असतो. कढीपत्ता पिवळा पडून थोडा विरळ होतो, नवी फूट थांबते. मोगरा थंड बसतो. यांना औषध घालू नका, फक्त पाणी कमी करा. अडेनियमचं तर जवळजवळ बंदच करा. खोड दाबून बघा: टणक असेल तर झोपू द्या.

आता तपासणी. फुकटातली आधी, कष्टाची शेवटी. मधली पायरी गाळून थेट कुंडी उपटायला जाऊ नका. थंडीत मुळं हलवली की जगणारं झाडही जातं.

बोट घाला

मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. वरचा थर फसवा असतो. कोरड्या वाऱ्यानं तो तासाभरात पांढरा पडतो आणि खाली गाळ असतो. बोटाला ओल लागली, माती चिकटली, तर आज पाणी नाही. उद्याही बोट घालून ठरवायचं. उन्हाळ्यात रोज पाणी मागणारी कुंडी डिसेंबरात आठवड्यातून एकदा-दोनदावर भागते. वाराचं वेळापत्रक ठेवू नका, माती काय सांगते ते ऐका.

कुंडी उचलून वजनाचा अंदाजही घ्या. आणि खालची थाळी काढा. डाग पडू नयेत म्हणून फरशीवर थाळी ठेवतात, तिच्यात पाणी साठून राहतं आणि मुळं रात्रभर गार पाण्यात उभी. एवढी थाळी काढून बरी झालेली झाडं मी कितीतरी बघितलीत.

पाणी कधी आणि कसलं

सकाळी सहाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे रात्रभर आभाळाखाली गार झालेलं पाणी. ते थेट मुळांवर जातं. थंडीत पाणी साडेदहा-अकराच्या पुढे द्या, माती थोडी तापल्यावर, आणि पानांवर न उडवता बुंध्याशी. संध्याकाळी पाणी घातलं तर पानांवरची, मातीवरची ओल रात्रभर सुकत नाही. बुरशीला तेवढंच हवं असतं. बोअरचं पाणी सकाळीही कोमट असतं, ते चालतं.

तुळशीबद्दल इथेच बोलायला हवं. घरोघरी पहाटे आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी जातं. वर्षातले आठ-नऊ महिने त्यानं काही बिघडत नाही. पण मार्गशीर्ष-पौषात तेच तांब्याभर गार पाणी रोज, तेही वृंदावनाच्या त्या अरुंद पोटात, आणि बऱ्याच सिमेंटच्या वृंदावनांना खाली भोकच नसतं! त्यात हळदीकुंकू, कधी दूध, निर्माल्याची फुलं बुंध्याशी. दोन महिन्यांत वरचा थर घट्ट, आंबूस वासाचा होतो. आजींना पाणी घालू नका म्हणून कोणी ऐकणार नाही आणि मी सांगतही नाही. मी सांगतो की थंडीपुरतं पळीभर घाला, पूजा तेवढीच होते. खरं पाणी दुपारी, माती बघून. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, कारण बी धरायला लागली की तुळस पानाफांद्यांचं बघत नाही. चार मंजिऱ्या वाळवून बी मात्र ठेवा. तुळस थंडीत गेलीच, तर ऊन तापू लागल्यावर त्या बियांतून पुन्हा रोपं निघतात. वृंदावनाला भोक नसेल तर ड्रिल मारून घ्या, थंडी गेल्यावर.

ऊन कुठे गेलं ते बघा

सातारा साधारण 17.7 अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त 49 अंशांवर असतो, तोही दक्षिणेला कललेला. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीला दिवसभरात उन्हाची तिरीपही नाही. गच्चीच्या दक्षिण बाजूला तीन फुटी कठडा असेल तर त्याची सावली भर दुपारी अडीच फुटांपेक्षा जास्त आत येते. मे महिन्यात जी कुंडी तळपत होती ती आता दिवसभर सावलीत, आणि आपण तिला हातही लावलेला नसतो. एका सुट्टीच्या दिवशी दहा, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावल्या बघा. कुंड्या हलवायला पैसे लागत नाहीत.

अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याच्या घरांना याचा त्रास जास्त. डोंगरामुळे ऊन उशिरा येतं, आणि रात्री गार हवा उतारावरून खाली घरंगळते ती नेमकी तिथे. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल जागा शोधते. म्हणून तर काही दिवस साताऱ्याचा पारा महाबळेश्वरपेक्षा खाली असतो, आणि लोक बातमी वाचून चक्रावतात. महाबळेश्वर साधारण 1370 मीटरवर, आपण 700 च्या आसपास. तरी निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पठार उबदार आणि खोरं गार, असं होतं. खुद्द महाबळेश्वरातही दव गोठतं ते आधी वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या सखल भागात, बाजारपेठेत नाही. तुमच्या अंगणातही एक लिंगमळा असतोच: कंपाउंडच्या भिंतीचा खालचा कोपरा, जिन्याखालची जागा. तिथून नाजूक कुंड्या हलवा.

हलवायच्या कुठे? दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या, ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकून. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते. डोक्यावर पत्रा, सज्जा किंवा मोठ्या झाडाची फांदी असेल तर आणखी चांगलं, कारण पान रात्री आपली ऊब थेट मोकळ्या आभाळाला देतं आणि आसपासच्या हवेपेक्षा 2-4 अंशांनी गार होतं. मोबाईलमध्ये 10 दिसत असताना गच्चीवरच्या पानाला 7 लागत असतात ते यामुळे.

आणि कुंड्या एकत्र करा. मिरजेच्या पूर्व भागातले पानमळे बघितलेत का? पानवेल ही मूळची पावसाळी जंगलातली, थंड कोरडा वारा तिला अजिबात सोसत नाही. तरी ती तिथे पिढ्यानपिढ्या टिकली, कारण मळा शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या दाटीत असतो आणि कडेनं ताट्या बांधून बंद केलेला असतो. आत शिरलं की हवाच वेगळी. तेच गॅलरीत करा: कणखर झाडं बाहेर, ईशान्येच्या वाऱ्याच्या बाजूला, अँथुरियम, अ‍ॅग्लोनेमा, ऑर्किड मधे. फॅलेनॉप्सिस ऑर्किड असेल तर 15 अंशांच्या खाली बाहेर ठेवूच नका, रात्री घरात आणा.

थंडीच आहे ना, खात्री करा

पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले, तर तो लाल कोळी आहे. थंडीत हवा कोरडी असते, त्यात कोळी फोफावतो. पानावर बारीक फिकट टिपके दिसतात आणि लोक त्याला थंडी समजतात. पानांच्या खालून जोरदार पाण्यानं धुवा, दुपारी. देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तो हटकून येतो. जुन्या टूथब्रशनं खरवडून काढा, मग कडुनिंब तेलाची फवारणी. मनीप्लांट-क्रोटनची पानं ओल्या फडक्यानं पुसली तरी भागतं.

पिवळेपणा कुठून सुरू झाला तेही बघा. खालून, जुन्या पानांपासून: पाणी किंवा नेहमीची पानगळ. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही, आणि गार ओल्या मातीत हे बऱ्याचदा मातीत लोह असूनही होतं. लगेच डोस देऊ नका. माती वाळू द्या, ऊन द्या, नवी पानं बघा.

एक खूण आणखी. गोठण्यानं झालेली इजा दुसऱ्या सकाळीच दिसते. पान उकडल्यासारखं गडद, लोंबतं. नुसत्या गारठ्यानं झालेली इजा दोन-चार दिवसांनी, कधी हवा उबदार झाल्यावर दिसते. म्हणून "काल तर थंडी कमी होती, तरी पान काळं पडलं" यात नवल काही नाही.

रात्रीचं पांघरूण

हवामानात 10 च्या खालचा आकडा दिसला, आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की त्या रात्री झाका. जुनी सुती साडी, धोतर, चादर किंवा शेतकरी वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हर. कुंडीत तीन काठ्या रोवून त्यावर टाका, कापड पानांना चिकटू देऊ नका. आणि कापड खाली जमिनीला टेकलं पाहिजे. बहुतेक लोक झाडाचं डोकं गुंडाळतात आणि बुंध्याशी दोरी आवळतात; मग मातीतून वर येणारी ऊब बाहेरच्या बाहेर जाते आणि आत अडकते ती गार हवा. झाडाला स्वतःची ऊब नसते. पांघरायची असते ती जमिनीची.

प्लॅस्टिक टाळा. पानाला टेकलं तिथे काळं पडतं, आणि सकाळी काढायला विसरलात तर नऊ-दहापर्यंत आत झाड शिजतं. कापडही ऊन आलं की काढायचंच.

कुंडीतल्या मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर घाला. आपल्याकडे पाचटाला काय तोटा! हंगामात कुठल्याही फडाच्या बांधावर मिळेल. बुंध्याला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा. जमिनीतल्या झाडांना मात्र पाचगणी-महाबळेश्वरसारख्या जागी, दव गोठायची भीती असलेल्या रात्री, पाचट बाजूला सारलेलं बरं; उघडी दमट जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री वर सोडते.

पांघरुणात बल्ब लावायची युक्ती पाचगणीत काही माळी करतात. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही. जुना पिवळा बल्ब लागतो. आणि तो दवात, कापडाखाली, उघड्या जोडाच्या वायरवर लावायचा म्हणजे आग आणि शॉक दोन्हीला आमंत्रण. करायचंच असेल तर वायरमनकडून बाहेरच्या वापराचा होल्डर आणि ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या, नाहीतर कापडावर भागवा.

कात्री आणि खत, दोन्ही कपाटात

काळी पानं बघवत नाहीत म्हणून लोक जानेवारीत छाटणी करतात. करू नका. वरची करपलेली पानं खालच्या डोळ्यांवर छप्पर धरून असतात, आणि छाटलं की झाड कोवळी फूट काढतं, ती पुढच्या गार रात्री जाते. संक्रांत होऊ द्या, रात्री उबदार होऊ लागल्या की फेब्रुवारीच्या मध्यानंतर कापा. कुठपर्यंत? नखानं साल जरा खरवडा. खाली हिरवं ओलसर लागलं ती फांदी जिवंत. तपकिरी कोरडं लागेल तिथून वर कापा. फक्त मऊ पडून कुजायला लागलेला भाग लगेच काढायचा, नाहीतर कूज खाली उतरते.

युरिया, पेंड, "टॉनिक" सगळं होळीपर्यंत बंद. गार मुळं ते घेत नाहीत.

मुळं बघायची वेळ

इथपर्यंत सगळं केलं, पंधरा दिवस पाणी आवरलं, तरी झाड खाली खालीच चाललंय किंवा मातीला घाण वास येतोय, तेव्हाच कुंडीतून काढा. दुपारी, उन्हात. चांगलं मूळ पांढरट, टणक. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. कुजलेलं सगळं स्वच्छ कात्रीनं कापा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच लहान कुंडी घ्या, मोठीत जास्तीची माती ओलीच राहते. माती निम्मी, बाकी कोकोपीट आणि जाड वाळू, वर थोडी ट्रायकोडर्मा (कूज आणणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी). पाणी अगदी बेताचं, सावलीतल्या उजेडात ठेवा. मनीप्लांटच्या दोन फांद्या घरात पाण्यात लावून ठेवा, तेवढाच विमा.

केळीवाल्यांसाठी

परसातल्या चार केळी असोत की एकरभर बाग, थंडीत पानं यायचा वेग मंदावतो आणि निसवायच्या बेतात असलेल्या झाडाचा घड पोंग्यात अडकतो, बाजूनं खोड फाडून निघतो. अडकलेला घड ओढून काढू नका. इथे पाण्याचा नियम मात्र उलटा होतो, आणि त्यावरून घरचे माझ्याशी वाद घालतात: "शेतात रात्री पाणी देतात, मग कुंडीला का नको?" शेतात विहिरीचं-बोअरचं पाणी कोमट असतं आणि मोठ्या खोलीची ओली जमीन दिवसाची उष्णता साठवते. शिवाय पाणी खाली निथळून जायला जागा असते. कुंडी चहूबाजूंनी उघडी, तिला साठवायला काही नाही. म्हणून केळीला थंडीत संध्याकाळी हलकं पाणी, कुंडीला दुपारी. बुंध्याभोवतीची वाळकी पानंही थंडी सरेपर्यंत राहू द्या. बांधावर धूर करण्याची पद्धत आहे, पण वाऱ्यानं तो शेजाऱ्याकडे जातो, आणि पाचटाच्या फडाजवळ आग म्हणजे काय ते सांगायला नको.

इथे थांबा

केळीची खालची पानं पिवळी होऊन देठात मोडून बुंध्याभोवती लोंबायला लागली, खोड खालून उभं चिरलं, आडवं कापल्यावर आत तपकिरी-लालसर ठिपके किंवा कडं दिसलं, तर ती थंडी नाही. मर रोगाची शंका घ्या, तिथली माती, अवजारं, मुनवे (बुंध्याशी फुटलेली पिल्लं) दुसरीकडे नेऊ नका आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) बोलवा. नारळाचा मधला सुईसारखा कोंब ओढल्यावर अलगद हातात आला, तर तेही घरगुती उपायाचं काम राहिलं नाही. एकाच जातीची पाच-सहा झाडं एकदम आजारी पडली किंवा दुकानदारानं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या, कीटकनाशकाची बाटली हातात ठेवली, तरी आधी विचारा. तुळस, कढीपत्ता आपण खातो. उंच झाडाचं वाळलेलं डोकं उतरवायला शिडी लावू नका, झाडं उतरवणारा माणूस बोलवा.

सातारकरांना बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे, सांगलीकरांना कांचनपूरचं. जाताना नुसता फोटो नेऊ नका. आजारी पान, त्याच झाडाचं एक चांगलं पान, आणि जमलं तर बोटभर मुळं मातीसकट न्या. पानं वर्तमानपत्रात गुंडाळा; प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजतात आणि मग रोग कुठला आणि पिशवी कुठली, हे तिथल्या माणसालाही कळत नाही. पाणी किती दिवसांनी देता ते मात्र खरं सांगा.